हांबुर्गचा वाटा

लोक पोरांना शेतं वाटून देतात, खोल्या वाटून देतात, फार तर भांडीकुंडी. आत्मारामशेट तेरवणकरांनी आपल्या चार मुलांना बंदरं वाटून दिली. थोरल्याला मुंबई, दुसऱ्याला लंडन, तिसऱ्याला कालिकत आणि धाकट्या दिनकरला हांबुर्ग. तेव्हा दिनकर तेरा वर्षांचा होता. हांबुर्ग ही खायची वस्तू की अंगात घालायची, हेही त्या पोराला ठाऊक नव्हतं. पण शेटजींनी मृत्युपत्रात लिहिलं म्हणजे लिहिलं. त्या घरात ब्रह्मदेवाचं एकवेळ खोडलं असतं, शेटजींचं नाही.

माणूस मोठा होता, यात वाद नाही. कोकणातून नेसत्या पंच्यानिशी मुंबईला आला आणि हिरड्याच्या जोरावर वर चढला. आपण पोट साफ व्हायला चघळतो तोच हिरडा. विलायतेत त्यानेच कातडं कमावतात, हे शेटजींना इतरांच्या दहा वर्षं आधी कळलं. मग घाटावरचे हिरडे पोत्यांनी बंदरात आणि बंदरातून गलबतांनी लंडनला नि हांबुर्गला. सरकारने ‘जस्टिस ऑफ द पीस’ केलं. सत्त्याऐंशी साली राणीच्या ज्युबिलीला शेटजींनी गिरगावातल्या घरावर तीन दिवस रोषणाई केली, आणि त्याच वर्षी दिनकर झाला म्हणून चौथ्या दिवशीही दिवे काढले नाहीत. पुढे एकोणीसशे एक साली राणी गेली त्याच आठवड्यात शेटजीही गेले. निशाण अर्ध्यावर उतरलं ते दोघांसाठी, असं घरात अजून सांगतात. सांगोत बापडे.

छप्पन साली त्या सगळ्यातलं उरलं होतं काय? गिरगावात भाड्याच्या चार खोल्या, शेटजींचा संगमरवरी अर्धपुतळा आणि तोरा. तोरा मात्र शाबूत होता. थोरल्या मुलाचा नातू श्रीपाद त्या वर्षी डॉक्टरेट करायला हानोव्हरला निघाला. बॅलार्ड पियरवर सगळं घर आलं होतं. आबाकाका, म्हणजे घरातले कर्ते चुलते, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “आत्मारामशेटांचं रक्त आहे! समुद्र ओळखतो आपल्याला.” श्रीपाद लाजला. मग गर्दीतून काकी पुढे आली.

काकी म्हणजे कुसुम, हांबुर्ग वाट्याला आलेल्या त्या दिनकरची बायको. नात्याने श्रीपादची चुलत आजी, पण तीन पिढ्या तिला काकीच म्हणत. श्रीपादची आई टायफॉइडने गेली, वर्षाच्या आत बापही गेला. मग त्याला न्हाऊमाखू घातलं ते काकीने. साठी उलटलेली, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने त्याच्या खांद्यावरचं नसलेलं काहीतरी झटकलं आणि हळू आवाजात म्हणाली, “तिकडे त्यांचं काय झालं ते बघ. जे असेल ते कळव. घरच्यांना नको. मला.”

एवढंच. दुसरं काही तिने आयुष्यात त्याच्याकडे मागितलं नव्हतं.

दिनकर बारा साली हांबुर्गला गेला होता. लग्नाला चार वर्षं झालेली, कुसुम सतरा वर्षांची. तीन वर्षांत परत येतो म्हणाला. महिन्याला पत्र यायचं, थोरल्या भावाच्या नावे, आणि तळाशी एक ओळ असायची, ‘घरात सर्वांस नमस्कार-आशीर्वाद.’ त्या ‘सर्वांस’मध्ये बायको आली. तेव्हा तसंच होतं. चौदा साली लढाई पेटली आणि इंग्रजांची प्रजा म्हणून जर्मनांनी त्याला धरून छावणीत घातलं, इतकं कळलं. पुढे काही नाही. लढाई संपल्यावर थोरल्याने इंग्रज सरकारला अर्ज केले. उत्तर आलं, तपास लागत नाही. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करून जाळतात, दिवस घालतात, बायकोला मोकळी करतात. भटजींनी तसं सुचवलंही. थोरला संतापला. “आत्मारामशेटांचा मुलगा गवताचा करून जाळायचा? कुंकू पुसायचं नाही!” झालं. कुसुमचं कुंकू राहिलं. घरातल्या बाकी बायका एकेक करून विधवा झाल्या आणि जुन्या पिढीत सवाशीण अशी ती एकटी उरली. मग काय, तेरवणकरांच्या घरातलं एकही लग्न काकीच्या हातची हळद लागल्याशिवाय झालं नाही. तीसेक नवऱ्यामुली असतील.

श्रीपाद हानोव्हरला आला आणि दीड वर्ष त्याने त्या कामाला हात लावला नाही. आता याला काय म्हणावं? आळशी नव्हता तो. टर्बाइनच्या पात्यांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोकं फोडायचा. पण हे काम उद्यावर टाकायचा. खरं सांगायचं तर घाबरायचा. पोरगा मनाने मऊ, आणि मऊ माणसासारखा घातकी माणूस नाही, हे अनुभवाने सांगते दुनिया.

शेवटी त्याला ढकललं ते घरमालकिणीने. फ्राउ लेनर्ट, पन्नाशीची बाई. नवरा स्टालिनग्राडला गेला तो गेलाच. रोज दुपारी रेडिओवर हरवलेल्या माणसांची नावं वाचत, आणि ही हातातलं काम ठेवून ऐकायची. त्या वर्षांत सगळा जर्मनी कोणाला ना कोणाला शोधत होता. एके दिवशी कॉफी पिताना श्रीपादने काकीची हकीकत सांगितली. बाईने कप खाली ठेवला.

“आणि तुम्ही दीड वर्ष इथे बसलात? हेर श्रीपाद! आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. माणूस मेला की श्टान्डेसआम्टमध्ये नोंद होते. बाँब पडले तरी कागद राहिलेत. जा, आणि बघा.”

“पण वाईट निघालं तर?”

“आल्झो, ऐका. माझ्या नवऱ्याला मी एक्कावन्न साली कोर्टात मेलेला जाहीर करून घेतलं. सही माझी. माझ्या हातांनी मारला मी त्याला. का? एक कागद हवा होता. कागद नसला की माणूस रोज मरतो.”

श्रीपादने मान डोलावली आणि मनात म्हणाला, यांचं वेगळं, आपलं वेगळं. यांच्या बायकांना कुंकू नसतं.

अठ्ठावनच्या फेब्रुवारीत तो हांबुर्गला गेला. बर्फ पडून चिखल झालेला. जन्ममृत्यूच्या नोंदींच्या त्या कचेरीत एक चष्मेवाला म्हातारा कारकून होता. त्याने नाव दोनदा लिहून घेतलं, आत गेला, आणि अर्ध्या तासाने भलंमोठं पुस्तक छातीशी धरून आला. चाळीस वर्षं सरकारांना लागला नाही तो तपास अर्ध्या तासात लागला. कारण आजवर कोणी दारात येऊन विचारलंच नव्हतं! लंडनला अर्ज, दिल्लीला अर्ज. जिथे माणूस मेला तिथे जाऊन विचारायचं कोणाला सुचलं नाही.

“गेनाऊ, अगदी हेच,” कारकून म्हणाला आणि त्याने ओळीवर बोट ठेवलं.

दिनकर आत्माराम तेरवणकर, व्यापारी, जन्म मुंबई. अकरा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणीस रोजी सकाळी सहा वाजता इस्पितळात मृत. वय एकतीस. आणि त्याखाली, वळणदार जुन्या जर्मन अक्षरांत, जी श्रीपादला वाचता येईनात म्हणून कारकुनाने वाचून दाखवली, “विवाहित. पत्नी कुसुम, राहणार मुंबई.”

“हे नाव कोणी दिलं असेल?” श्रीपादने विचारलं.

“त्यांनीच. इस्पितळात भरती होताना विचारतात. दुसरं कोण देणार? इथे त्यांचं कोणी नव्हतं असं दिसतंय.” कारकुनाने पान पुन्हा पाहिलं. “त्या हिवाळ्यात फ्लूने फार माणसं गेली. छावण्या नुकत्याच मोकळ्या केल्या होत्या. हे बहुधा बोटीची वाट बघत असतील.”

श्रीपादच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या पिढीत नवरा बायकोला ‘अगं’ म्हणायचा आणि बायको नवऱ्याला ‘इकडून’, त्या पिढीतला हा माणूस. तापाने फणफणलेला, परक्या मुलखात, परक्या कारकुनाला त्याने आपल्या बायकोचं नाव सांगितलं होतं. आत्मारामशेटांच्या घरात जे त्याने चार वर्षांत एकदाही उच्चारलं नसेल. कारकुनाने शिक्का मारून नक्कल दिली. श्रीपादने ती कोटाच्या आतल्या खिशात घातली.

तो दफनभूमीतही गेला. तिथल्या बाईंनी वही काढली आणि दिलगीर चेहरा केला. रांगेतली कबर होती. पंचवीस वर्षांची मुदत असते. पुढे ती चालू ठेवायला कोणी आलं नाही की जागा दुसऱ्याला देतात. चव्वेचाळीस साली दिली. आता तिथे एक श्मिट कुटुंब आहे. दाखवू का? श्रीपाद नको म्हणाला. नंतर कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की निदान बघायला हवं होतं.

आता सरळ खोलीवर यायचं, कागद पाकिटात घालायचा, चार ओळी लिहायच्या, काकीच्या नावे टाकायचं. काम संपलं. काकीने दुसरं काय मागितलं होतं? पण टेबलावर आबाकाकांचं पत्र येऊन पडलं होतं. मालिनीचं लग्न ठरलं, वैशाखात आहे. मालिनी त्यांची थोरली मुलगी. ‘काकींच्या हातची हळद लागली की बाप म्हणून मी सुटलो,’ असं आबाकाकांनी लिहिलं होतं. आणि खाली ताजा कलम, ‘हांबुर्गकडे काही बरंवाईट कळल्यास प्रथम मला लिही. काकींच्या जिवाला धक्का पोचता कामा नये.’

श्रीपाद तीन दिवस जेवला नाही धड. त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. काकी कुंकू पुसतेय. बांगड्या फोडतेय. आणि घरातल्या बायका बोटांवर वर्षं मोजतायत, एकोणीस सालापासून विधवा होती, म्हणजे आमच्या लग्नात हळद लावली ती विधवेने! अमकीचा नवरा लवकर गेला तो त्यामुळेच. तमकीला मूल नाही ते त्यामुळेच. घरातल्या तीस संसारांचं खापर काकीच्या डोक्यावर. हे सगळं झालं असतं का? झालंही असतं. लोकांची तोंडं काय, लागतील तिथे घाण.

त्याने सुधीरला विचारलं. सुधीर नागपूरचा, त्याच्याच इन्स्टिट्यूटमध्ये होता, आणि सल्ला द्यायला एका पायावर तयार असायचा.

“यार, सिंपल आहे,” सुधीर म्हणाला. “म्हातारीचे राहिलेत किती दिवस? सुखाने जाऊ दे ना. सवाशीण म्हणून जाऊ दे. जिवंत आहेत म्हणून लिही, पण मेमरी गेलीय म्हण. म्हणजे कोणी पत्र नको लिहायला, कोणी भेटायला नको यायला. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“खोटं लिहू?”

“जा, मग लिही खरं. आणि हळद कोण लावणार ते पण लिही.”

श्रीपादने खोटं लिहिलं. आणि लिहायचंच तर नेटकं लिहिलं, इंजिनियर होता ना! दिनकर आजोबा आहेत. हांबुर्गपासून दूर खेड्यात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात. एकाहत्तर वर्षांचे. गेल्या काही वर्षांत स्मृती पूर्ण गेली. मराठी विसरले, माणसं ओळखत नाहीत. मी हात हातात घेतला, नुसते बघत राहिले. शांत आहेत, नीट खातात-पितात. त्यांना काही कळत नाही तेव्हा कोणी पत्र लिहू नये, डॉक्टरांनी मनाई केली आहे. काकी, तुझं कुंकू खरं आहे. शेवटचं वाक्य लिहिताना तो रडला, आणि आपण फार मोठं पुण्य करतोय असं त्याला वाटलं. पत्र काकीच्या नावे आणि दुसरं आबाकाकांच्या नावे, दोन्ही एकाच दिवशी टाकली. नक्कल त्याने जर्मन-इंग्रजी डिक्शनरीत ठेवली.

करायला गेलो गणपती नि झाला मारुती, म्हणतात. इथे मारुतीही झाला नाही.

आबाकाकांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. आनंदीआनंद! पेढे वाटले, पुतळ्याला हार घातला, काकींना हिरवी साडी आणली, ओटी भरली. ‘शेटजींचा एक वाटा तरी बुडाला नाही,’ असं लिहिलं होतं. जणू दिनकर हांबुर्गची गादी सांभाळूनच बसला होता. काकींबद्दल एक ओळ होती, ‘त्या अजून काही बोलल्या नाहीत, आनंद पचायला वेळ लागतो.’

काकीचं पत्र नाही. एप्रिल गेला, मे गेला. मग शुभाचं आलं. शुभा म्हणजे मालिनीची धाकटी बहीण, कॉलेजात जाणारी, सरळ बोलणारी.

‘दादा, लग्न झालं, पण हळद काकींनी लावली नाही. सकाळी बाबा त्यांना बोलवायला गेले तर त्या मोरीत उभ्या होत्या, कपाळ धूत होत्या. बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या, फोडल्या नाहीत, नीट काढून कागदात गुंडाळल्या होत्या. बाबा ओरडले, काकी, अहो ते आहेत ना! त्या म्हणाल्या, आहेत म्हणूनच. मग घरात जे झालं ते मी लिहीत नाही. हळद माझ्या मावशीने लावली. काकी तेव्हापासून कोणाशी बोलत नाहीत. त्यांनी तुला पत्र लिहिलंय, सोबत पाठवते.’

काकीचं अक्षर ठसठशीत. शेटजींनी मुलींची शाळा काढली होती, सुना निरक्षर कशा ठेवणार? त्यांची ही आज्ञा पुढे मुलांनी पाळली.

‘चि. श्रीपादास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तू मनात विचारत असशील, काकीला बरं वाटलं का. म्हणून लिहिते.

‘लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, सगळ्यांची पत्रं आली, यांचं आलं नाही. तेव्हाच मी धरलं की हे गेले. असते तर लिहिलं असतं. तेवढी त्यांची ओळख मला होती. कुंकू मी लावत होते ते घरासाठी. थोरले भावजी पुसू नको म्हणाले, नाही पुसलं. पण दर सर्वपित्रीला सगळ्यांची जेवणं झाली की मागच्या गॅलरीत मी एक पान त्यांच्या नावाने ठेवत होते. त्यांना घारगे आवडायचे. कोणाला ठाऊक नाही. माझा त्यांच्यावर राग नव्हता. गेलेल्या माणसावर कसला राग? तुला खोटं वाटेल, पण चाळीस वर्षं मी सुखाने काढली रे. वरून सवाशीण आणि मनातून विधवा, पण सुखाने.

‘आता तू लिहितोस, आहेत. आठवण गेली म्हणतोस. ती गेली काही वर्षांत. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं होतीच ना शाबूत? एक कार्ड टाकायला किती वेळ लागतो? म्हणजे त्यांना मी नको होते. विधवेला निदान नवरा असतो, गेलेला का होईना. मी टाकलेली बाई निघाले, आणि मला बासष्टाव्या वर्षी कळलं. टाकलेल्या बाईने कुंकू लावायचं कोणाच्या नावाचं? म्हणून धुतलं.

‘तू मनाला लावून घेऊ नकोस. मीच म्हणाले होते, जे असेल ते कळव. तू कळवलंस.’

श्रीपाद खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. काय केलं आपण हे? काय करून बसलो? चाळीस वर्षं तिने ज्या माणसाला मनात सांभाळला तो खराच तसा होता. बोटीची वाट बघत मेला आणि मरताना तिचं नाव सांगून मेला. तिची ओळख शंभर टक्के खरी होती. आणि त्या माणसाला श्रीपादने चार पानांत हरामखोर करून टाकलं. फ्राउ लेनर्टने दार वाजवलं, रडण्याचा आवाज ऐकला असावा. त्याने तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “आजच पाठवा कागद. आज. मी पोस्टात येते तुमच्याबरोबर.”

त्याने सगळं लिहिलं. मी खोटारडा आहे, काकी, मी घाबरलो. आजोबा एकोणीस सालीच गेले. हा सरकारी कागद, हा शिक्का. यात तुझं नाव आहे, ते त्यांनी स्वतः सांगितलं. प्रत्येक ओळीचं मराठी त्याने खाली करून दिलं. रजिस्टर करून पत्र विमानाने गेलं.

बैल गेला नि झोपा केला.

जुलैच्या शेवटी शुभाचं पत्र आलं. ‘दादा, पत्र काकींना मी वाचून दाखवलं, महिन्याभरात त्यांचे डोळे पार अधू झालेत. कागद त्यांनी हातात घेतला, शिक्क्यावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, श्रीपाद लहानपणापासून असाच. कुत्र्याच्या पिल्लाला लागलं तरी रात्रभर रडायचा. मी म्हटलं, काकी, हा खरा कागद आहे, यात तुमचं नाव आहे बघा. तर त्या हसल्या. दादा, इतकं वाईट हसणं मी ऐकलं नाही कधी. म्हणाल्या, तिथेच तर पोरगं चुकलं! चार वर्षांत यांनी माझं नाव घेतलं नाही, थोरल्यांच्या धाकाने नाही, स्वभावानेच नाही. ते गोऱ्या कारकुनापुढे घेतील? हे त्याने माझ्यासाठी रचलंय. मी म्हटलं, मग पहिलं पत्र खरं आणि हे खोटं कशावरून? तर म्हणाल्या, अगं, पहिलं मला कापणारं होतं. कापणारं खोटं कोण कशाला लिहील? हे गोड आहे. गोड ते खोटं. मी खूप सांगितलं, दादा. मी भांडले त्यांच्याशी. त्यांनी मला शपथ घातली की हे पत्र घरात कोणाला दाखवायचं नाही, पोराची शोभा होईल. आणि तुला सांगायला सांगितलंय, की काकी रागावलेली नाही, आता पुरे कर, अभ्यास कर.’

श्रीपादने पुन्हा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं, देवाची शपथ घेतली, आईची घेतली. उत्तर नाही. मुंबईला जायचं म्हटलं तर तिकिटाएवढे पैसे नाहीत, आणि जाऊन सांगायचं तरी काय वेगळं? ज्याने एकदा खोटं सांगितलं त्याचं तोंड तेच. सुधीर एकदा म्हणाला, “यार, पण तुझा हेतू चांगला होता.” श्रीपादने त्याला खोलीबाहेर काढलं आणि पुढे वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. बिचाऱ्या सुधीरचा काय दोष? पण कोणावर तरी चिडायला हवं होतं.

त्या वर्षी सर्वपित्रीला मागच्या गॅलरीत पान ठेवलं गेलं नाही, हे शुभाने एका ओळीच्या कार्डावर कळवलं. जिवंत माणसाचं पान ठेवत नाहीत.

ऑक्टोबरच्या अखेरीस आबाकाकांचं जाड पाकीट आलं.

‘चि. श्रीपादास आशीर्वाद. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, काकी आश्विन शुद्ध तृतीयेस पहाटे गेल्या. दोन महिने अन्न तोडलं होतं, डॉक्टर झाले, उपाय झाले. मध्यंतरी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता व त्यांनी कुंकू-बांगड्या टाकल्या होत्या, हे तुला कळलं असेलच. पण शेवट आम्ही यथासांग केला. बायकांनी न्हाऊ घातलं, मळवट भरला, हिरवा चुडा भरला, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. खांदा द्यायला सारं गिरगाव लोटलं होतं. शेटजींच्या घरातली एक तरी बाई भरल्या कुंकवाने गेली. लोक पाया पडत होते. हे भाग्य केवळ तुझ्या पत्रामुळे, तू शोध लावलास म्हणून. तुझे उपकार हे घर विसरणार नाही.

‘आता एकच काम कर. आश्रमात जाऊन दिनकरकाकांना हे सांग. त्यांना कळो, न कळो. पत्नी गेल्याचं नवऱ्याच्या कानावर घालणं हे आपलं कर्तव्य आहे. सांगितलंस की मला दोन ओळी टाक, म्हणजे इकडे पुढचे विधी करता येतील.’

पुढच्या रविवारी श्रीपाद हांबुर्गला गेला. दफनभूमीतल्या बाईंनी नकाशावर खूण करून दिली. तो शोधत शोधत पोचला तेव्हा श्मिट कुटुंबातल्या दोन बाया तिथे आल्या होत्या. एक पानं झाडत होती, दुसरी झारीने झुडपाला पाणी घालत होती. तो दहा पावलं अलीकडेच थांबला. त्यातल्या एकीने वर पाहिलं आणि विचारलं, “आपण कोणाला शोधताय?”

“नाही, कोणाला नाही,” तो म्हणाला आणि वळला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. त्याने तिथेच बाकावर बसून आबाकाकांना कार्ड लिहिलं. ‘आजोबांना सांगून आलो. ऐकून काही बोलले नाहीत.’